लग्नाचा पंचविसावा वाढदिवस: माथेरानला दोघांनीच जावे का?

सोनटक्का

येत्या डिसेंबरमध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षे पूर्ण होत आहेत. मुलांचा आग्रह सभागृह घेऊन नातेवाइकांना जेवण देण्याचा आहे, परंतु आम्हा दोघांना तो दिवस मुंबईपासून फार दूर नसलेल्या, डोंगर आणि झाडी असलेल्या ठिकाणी घालवायचा आहे. माझ्या मनात माथेरान आहे. यजमानांचे म्हणणे असे की माथेरान आता गर्दीचे आणि धुळीचे झाले आहे. शिवाय त्यांचा उजवा गुडघा वर्षभर दुखतो आहे, तेव्हा जिथे वाहन दारापर्यंत जात नाही अशा ठिकाणी मुद्दाम कशासाठी जायचे?

आम्ही गोरेगावला राहतो आणि आमची स्वतःची गाडी नाही. माथेरानला जावे की दुसरे ठिकाण निवडावे, एक रात्र पुरेल की दोन लागतील आणि गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला तिथे खरोखर आनंद घेता येईल का, याविषयी अनुभवी सदस्यांनी मोकळेपणाने लिहावे ही विनंती. मतभेद असल्यास तेही लिहावेत, म्हणजे यजमानांना दोन्ही बाजू वाचायला देता येतील.

कर्जतलोकल

आगाऊ अभिनंदन, ताई. प्रवासापुरते सांगतो. गोरेगावहून दादरला यावे आणि मध्य रेल्वेची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडावी. दादरहून नेरळला पोहोचायला दीड ते पावणेदोन तास लागतात. नेरळहून दोन मार्ग आहेत. एक म्हणजे छोट्या गाडीने, म्हणजे डोंगर चढणाऱ्या छोट्या रेल्वेने, थेट माथेरानच्या बाजारपेठेपर्यंत, आणि दुसरा म्हणजे सामायिक टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यापर्यंत. दस्तुरीच्या पुढे पर्यटकांच्या मोटारींना प्रवेश नाही. तिथून जवळच अमन लॉज स्थानक आहे आणि तिथून माथेरान स्थानकापर्यंत शटल गाडी चालते. चालत गेल्यास हे अंतर अडीच-तीन किलोमीटर भरते. गुडघ्याची अडचण असेल तर टॅक्सी आणि शटल हा मार्ग निवडावा.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा गाडीचा टप्पा बंद ठेवतात, परंतु डिसेंबरमध्ये ती अडचण येत नाही.

दर्यावर्दी

मी वेगळे मत मांडतो. गुडघा दुखत असताना डोंगरावर जाण्याचा हट्ट कशासाठी? भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे. तासाभरात पलीकडच्या काठावर उतरता येते आणि तिथून अलिबाग, नागाव, काशीद किंवा अगदी मुरुडपर्यंत वाहनाने जाता येते. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यापर्यंतचा प्रवास दोघांनी एकदा तरी करावा असा आहे. समुद्रावर चढ नाही, उतार नाही आणि सूर्यास्त खोलीच्या सज्जातून दिसतो. रात्री राहायचे नसेल तर घारापुरीची लेणीही आहेत, मात्र ती सोमवारी बंद असतात.

रानपाखरू

दर्यावर्दी, जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडीतून पायरीवर उतरताना लाटेबरोबर होडी वरखाली होते आणि नेमका तिथे दुखऱ्या गुडघ्यावर भार येतो. आमच्या सासऱ्यांना त्या पायरीवर दोघांनी धरून उतरवावे लागले होते. घारापुरीलाही जेट्टीपासून लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात.

अंजनीफूल

सोनटक्काताई, मी आणि माझे यजमान आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला अनेक वर्षांपासून माथेरानलाच जातो, त्यामुळे माझे मत पक्षपाती आहे हे आधीच सांगते. पण त्यामागे विचारही आहे.

लग्नाचा वाढदिवस साजरा करायला जोडपी ज्या ठिकाणी जातात तिथे बहुतेक वेळ वाहनात जातो. सकाळी गाडी काढायची, एक देखावा पाहायचा, छायाचित्र काढायचे, पुन्हा गाडीत बसायचे. माथेरानमध्ये ही सोयच नाही, आणि मला त्यातच त्या गावाचे मोठेपण वाटते. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटर परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला, पण मोटारींना मज्जाव त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या त्या पठारावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा आणि अंजनीची दाट झाडी आहे, पायाखाली तांबडी माती आहे, आणि बाजार मागे पडला की आपल्या दोघांच्या बोलण्याखेरीज फारसे काही ऐकू येत नाही. घरात जे विषय स्वयंपाक, बँक आणि मुलांच्या परीक्षांच्या खाली दबून गेलेले असतात ते अशा चालण्यात आपोआप वर येतात. माझ्या यजमानांनी त्यांच्या वडिलांविषयी जे मला कधीच सांगितले नव्हते, ते शार्लट तलावाच्या वाटेवर सांगितले. एरवी ते फार कमी बोलतात.

आता पॉइंटांविषयी. हॉटेलात पोहोचताच तुम्हाला पंधरा-वीस पॉइंटांची यादी हातात मिळेल आणि ती एका दिवसात पूर्ण करण्याचे बेतही सुचवले जातील. ते बेत कृपया स्वीकारू नका. बाजारातून शार्लट तलाव, तिथले पिसरनाथाचे देऊळ, जवळचा इको पॉइंट आणि पुढे लुईझा पॉइंट एवढी एकच वाट एका दिवसासाठी ठेवा. लुईझावरून समोर प्रबळगडाचा सलग पहाड दिसतो. एकाच ठिकाणी तासभर बसलात तर उन्हाबरोबर त्या कड्याचा रंग बदलताना दिसतो, आणि घोड्यावरून दहा मिनिटांसाठी येणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. दोन रात्री राहा. एका रात्रीच्या मुक्कामात पहिला दिवस पोहोचण्यात आणि दुसरा निघण्याच्या घाईत जातो.

विचारी_मुलुंडकर

अंजनीफूल यांनी फार सुंदर लिहिले आहे, परंतु त्यांचे माथेरान आठवड्याच्या मधल्या दिवसांचे आहे, हे स्पष्ट करायला हवे. शनिवार-रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत बाजाराच्या रस्त्यावर माणसे, घोडे आणि सामान वाहणारे हमाल यांची एवढी दाटी होते की तोंडावर रुमाल धरून चालावे लागते. वाळलेल्या तांबड्या मातीची धूळ आणि तिच्यात मिसळलेली घोड्यांची लीद श्वासाबरोबर आत जाते. ताईंच्या यजमानांचा आक्षेप चुकीचा नाही. माकडे हातातली पिशवी ओढून नेतात. पॉइंटांच्या कड्यांखाली प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा खच पडलेला असतो, आणि हे पाहून मला दर वेळी मनापासून वाईट वाटते, कारण ही घाण वर राहणाऱ्यांपेक्षा आपण मुंबईकरच अधिक करतो.

वाढदिवस कोणत्या वारी येतो आहे ते आधी पाहा. शनिवारी येत असेल तर तो अलीकडच्या मंगळवारी-बुधवारी साजरा करा, पण शनिवारी जाऊ नका.

चहाबाज

अगदी मान्य. नाताळ ते नववर्ष हा आठवडा तर पूर्ण टाळा. त्या दिवसांत खोल्यांचे दरही फार चढलेले असतात.

हाडवैद्यांची_लेक

मी भौतिकोपचाराच्या व्यवसायात आहे. गुडघा न तपासता उपचार सांगणे योग्य नाही, म्हणून केवळ सर्वसाधारण सूचना करते. ज्यांचा गुडघा झिजेमुळे दुखतो त्यांना चढापेक्षा उतार आणि पायऱ्या अधिक त्रास देतात. माथेरानचे अंतर्गत रस्ते बरेचसे सौम्य चढउताराचे आहेत, मात्र काही पॉइंटांकडे जाणाऱ्या शेवटच्या टप्प्यात वाट दगडगोट्यांची आणि मुळांची होते. तिथे सुटी माती पायाखालून सरकते. म्हणून सोबत काठी असावी, बुटाचा तळवा खोल खाचांचा असावा आणि नवा बूट त्या दिवशी प्रथमच घालू नये.

निघण्यापूर्वी महिनाभर रोज चालण्याचा सराव केल्यास पुष्कळ फरक पडतो. गोरेगावला आरेच्या बाजूला पहाटे चालायला चांगली जागा आहेच. सराव करताना गुडघा सुजत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे आणि मगच खोली आरक्षित करावी. घोड्यावर बसण्याविषयी विचाराल तर, चढताना आणि उतरताना गुडघा बराच पिळला जातो, त्यामुळे मी ते सुचवणार नाही.

गिरगावचा_राजा

एवढी काळजी करण्याचे कारण नाही. तिथे हातरिक्षा मिळतात. दस्तुरीपासून हॉटेलच्या दारापर्यंत नेऊन सोडतात. यजमानांना रिक्षात बसवावे आणि ताईंनी शेजारून चालावे. त्या रिक्षावाल्यांच्या घरची चूलही त्याच पैशावर पेटते.

रानपाखरू

माणसाने माणसाला ओढत चढावर न्यावे, हे पाहणेसुद्धा मला सहन होत नाही. पुढे एक माणूस ओढतो, मागून दुसरा ढकलतो आणि आपण वर बसून निसर्ग पाहायचा, यात कोणाला आनंद होऊ शकतो? सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात आणि त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षांद्वारे पर्यायी रोजगार द्यावा, असा आदेश दिला. ही प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितल्यानंतर लग्नाच्या वाढदिवशी आपण ती कशासाठी चालू ठेवायची?

गिरगावचा_राजा

रानपाखरू, भावना समजतो, पण बंदी घातल्याने त्या कुटुंबांचे पोट आपोआप भरत नाही. ई-रिक्षा मर्यादित असतील तर त्या कोणाला मिळणार हा प्रश्न उरतोच. जो माणूस आयुष्यभर रिक्षा ओढत आला त्यालाच त्या नव्या वाहनाची चावी मिळाली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

नेरळवासी

मी पायथ्याच्या गावचा आहे आणि माझे काही नातलग वर माथेरानमध्ये राहतात, म्हणून या वादात थोडे लिहितो.

तुम्ही दोघेही खरे बोलत आहात. ई-रिक्षांचा प्रयोग २०२२च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला तेव्हा घोडेवाल्यांचा त्याला विरोध होता, तर हातरिक्षा ओढणाऱ्यांनी स्वतःच त्यांची मागणी न्यायालयापर्यंत नेली होती, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. छातीत कफ साठलेला माणूस माणसाला ओढत चढ चढतो, हे आम्ही घरात पाहिले आहे. त्याला मोटारीवर चालणारे वाहन हवे असणार, यात नवल काय? माथेरानच्या शाळकरी मुलांना आणि म्हाताऱ्यांना ई-रिक्षांमुळे जो दिलासा मिळाला तो मोठा आहे. तुमच्यासारख्या पर्यटकांनाही दस्तुरी ते गाव या मार्गावर ती मिळू शकते, परंतु रांग लागते, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवा.

एक महत्त्वाची सूचना. दस्तुरीला उतरल्यावर शटल गाडी सुरू आहे की नाही, याची चौकशी थेट अमन लॉजच्या तिकीट खिडकीवर करा. वाटेत कोणीही ‘गाडी बंद आहे’ असे सांगितले तरी खिडकीपर्यंत चालत जा. प्रामाणिकपणे धंदा करणारे घोडेवाले पुष्कळ आहेत आणि काही थोड्यांच्या अशा वागण्याने त्या सर्वांचे नुकसान होते.

इतिहासमित्र

ताईंच्या यजमानांना एकदा तरी नेरळहून छोट्या गाडीने वर जाण्यास सांगावे, असे मला तळमळीने वाटते. मोटारीने घाट चढून जाणाऱ्याला तो डोंगर कळतच नाही.

१८५० साली ठाण्याचा तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट या पठारावर चढला आणि त्यानंतर ते इंग्रजांचे उन्हाळी विश्रांतिस्थान झाले. पुढची पन्नासहून अधिक वर्षे माणसे पालखीतून, घोड्यावरून किंवा पायीच वर जात असत. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचे भांडवल घालून ही रेल्वे उभी केली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. रुळांमधले अंतर फक्त दोन फूट आहे. एकूण मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा आहे आणि काही ठिकाणी वीस फूट पुढे जाताना एक फूट चढ एवढी तीव्र चढण आहे. डोंगराला बोगदे पाडून सरळ वर जाण्याऐवजी हा मार्ग कड्यांच्या वळणांना धरून चढतो, त्यामुळे एवढ्या मोठ्या मार्गावर बोगदा एकच आहे, आणि तोही इतका लहान की इंग्रजांनी त्याला ‘वन किस टनेल’ असे नाव ठेवले. लग्नाच्या वाढदिवसाला जाणाऱ्यांनी तो अवश्य ओलांडावा.

जुमापट्टी, वॉटरपाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत गाडी दोन तासांहून अधिक वेळ लावते. २००५च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९च्या पावसाने पुन्हा मोठे नुकसान केले, आणि तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, नेरळहून गाडी परत वर जाऊ लागली. ही गाडी टिकवायची असेल तर तिच्यात प्रवासी बसले पाहिजेत.

माथेरानची आणखी एक ओळख आपण मराठी माणसांनी विसरू नये. वीर भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानलाच झाला. एका नाभिक कुटुंबातला हा मुलगा वकील झाला, शेतकऱ्यांसाठी त्याने धान्यकोठ्या उभ्या केल्या, १९४२च्या आंदोलनात विजेचे मनोरे पाडून इंग्रजांचे कारखाने बंद पाडणारे दल त्याने उभारले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात हिराजी पाटील यांच्यासह तो हुतात्मा झाला. तिथे बाजारातून फिरताना एवढे स्मरण ठेवावे.

चहाबाज

कोतवालांचा उल्लेख केल्याबद्दल आभार. बहुतेक पर्यटक चिक्की आणि चपला घेऊन परत येतात आणि त्यांना हे नावही माहीत नसते.

विचारी_मुलुंडकर

इतिहासमित्र, गाडीविषयीचे प्रेम समजतो, पण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने त्या अरुंद बाकावर दोन तासांहून अधिक वेळ पाय दुमडून बसावे का? माझ्या मते जाताना टॅक्सी आणि शटल, आणि परतताना पूर्ण गाडी, असे करावे. उतरताना शरीर विसावलेले असते आणि पोहोचण्याची घाईही नसते.

हाडवैद्यांची_लेक

हे बरोबर आहे. शक्य असेल तर वाटेतल्या स्थानकांवर गाडी थांबते तेव्हा खाली उतरून पाय मोकळे करावेत. मधल्या वाटेकडेची जागा मिळाली तर पाय लांब करता येतो.

अंजनीफूल

सूर्योदय आणि सूर्यास्ताविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. सूर्यास्तासाठी पश्चिमेचा पॉर्क्युपाइन पॉइंट प्रसिद्ध आहे. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीमुळे त्यानंतर लगेच काळोख पडतो, तेव्हा विजेरी जवळ ठेवावी आणि परतीची वाट उजेड असतानाच पाहून ठेवावी. पॅनोरमा पॉइंट उत्तरेच्या टोकाला, बाजारापासून बराच लांब आहे. तिथून विकटगड आणि चंदेरीचे सुळके फार देखणे दिसतात, पण यजमानांच्या गुडघ्याचा विचार करता तो या वेळी सोडून द्यावा. सूर्योदयासाठी बाजाराजवळचा खंडाळा पॉइंट पुरेसा आहे.

दुसऱ्या दिवशी गुडघा साथ देत असेल तर दक्षिणेकडच्या अलेक्झांडर आणि वन ट्री हिलच्या बाजूला हळूहळू जावे. तिकडून मोरबे धरणाचे पाणी आणि इरशाळगडाचा सुळका दिसतो. साथ देत नसेल तर हॉटेलच्या व्हरांड्यात बसून पक्षी पाहावेत. स्वर्गीय नर्तकाची लांब पांढरी शेपटी झाडीतून जाताना दिसली की दिवस सार्थकी लागतो.

सोनटक्का

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर यजमानांनी हा संपूर्ण धागा वाचला. विचारी_मुलुंडकर यांचे लिखाण त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले आणि ‘बघ, मी हेच म्हणत होतो’ असे म्हणाले. इतिहासमित्र यांच्यापर्यंत आल्यावर मात्र ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर त्यांनी स्वतःहून गाडीच्या वेळा शोधायला घेतल्या. त्यांचे वडील रेल्वेत होते, हे मी आधी लिहिले नव्हते.

आम्ही वाढदिवसाच्या आठवड्यातल्या मंगळवारी जाऊन गुरुवारी परत येण्याचे ठरवले आहे. जाताना टॅक्सी आणि शटल, येताना पूर्ण गाडी. हातरिक्षात बसायचे नाही, यावर आमचे दोघांचे एकमत आहे. ई-रिक्षा मिळाली तर ठीक, नाहीतर थांबत थांबत चालू. आरेमधले चालणे परवापासून सुरू होईल. दर्यावर्दी, तुमची मांडव्याची बोट आम्ही मुलांसोबतच्या सहलीसाठी राखून ठेवली आहे.

आता एकच शंका उरली आहे. हॉटेल बाजाराजवळ घ्यावे की झाडीतल्या एखाद्या जुन्या बंगल्यात राहावे? माझी ओढ बंगल्याकडे आहे.

दर्यावर्दी

मुलांसोबत मांडव्याला नक्की जा. आणि या वेळच्या प्रवासासाठी दोघांना मनःपूर्वक शुभेच्छा.

नेरळवासी

ताई, जुने बंगले सुंदर आहेत, परंतु त्यातले अनेक बाजारापासून लांब आहेत आणि जेवणासाठी किंवा औषधासाठी रात्रीचे चालत यावे लागते. आरक्षण करताना माथेरान स्थानकापासून नेमके किती अंतर आहे, जेवण तिथेच मिळते का आणि खोली तळमजल्यावर आहे का, हे तिन्ही प्रश्न फोनवर विचारून घ्या. ‘अगदी जवळ आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका. किती मिनिटे चालावे लागते ते विचारा. सामान हमालाकडे देणार असाल तर त्याचा दर निघण्याआधीच ठरवून घ्यावा. परतीच्या गाडीला डबे थोडे असतात, म्हणून गुरुवारी तिकिटासाठी स्थानकावर लवकर जा, किंवा आदल्या संध्याकाळी फिरताना खिडकी किती वाजता उघडते ते विचारून ठेवा.

सोनटक्का

स्थानकापासून दहा मिनिटांच्या आत, तळमजल्यावर आणि जेवणाची सोय असलेली जागा शोधते. आजच दोन-तीन ठिकाणी फोन करते.